शिक्का आणि स्वत्व : विचलनविषयक एका वादाचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

समाज एखाद्या मनुष्यास चोर म्हणतो तो त्याने चोरी केली म्हणून, की समाज त्यास चोर म्हणत राहतो हेही त्याच्या पुढील चोरीचे एक कारण असते, हा प्रश्न समाजशास्त्रात निदान सहा-सात दशके चर्चिला जात आहे, आणि त्याचे सर्वमान्य उत्तर अद्याप हाती आलेले नाही. समाजाने रूढ केलेल्या संकेतांचा भंग करणाऱ्या वर्तनास समाजशास्त्राच्या परिभाषेत ‘विचलन’ म्हणतात. आणि असे वर्तन करणाऱ्या, किंवा तसे करतो असे मानल्या गेलेल्या, व्यक्तीवर जे नाव लादले जाते त्या नावाच्या परिणामांचा शोध घेणारी विचारसरणी ‘लेबलिंग सिद्धान्त’ या नावाने ओळखली जाते. प्रस्तुत लेखात तिला सोयीसाठी शिक्का-सिद्धान्त म्हटले आहे.

हा सिद्धान्त विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो बहुधा अमेरिकेतील शहरांच्या उदाहरणांसह. परंतु विष्णुपुरीसारख्या ठिकाणी, जेथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ पासून नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांच्या उच्च शिक्षणाचा भार वाहत आहे, तेथे या प्रश्नासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. कारण याच जिल्ह्यांच्या तांड्यांत, पालांत आणि गावकुसाबाहेरील वस्त्यांत पारधी, कैकाडी, वडार, बंजारा, पाथरूट अशा समाजांचे लोक राहतात, आणि यांपैकी अनेकांच्या पूर्वजांना ब्रिटिश वा निजामी अंमलात कायद्यानेच गुन्हेगार ठरविले होते. व्यक्तीला कृत्यानंतर मिळणारा शिक्का हा पाश्चात्त्य सिद्धान्ताचा मुख्य विषय. जन्माबरोबर, किंबहुना जन्मापूर्वीच, मिळालेला शिक्का हा आपल्या भूमीचा अनुभव. या दोहोंना समोरासमोर ठेवून हा वाद आज कोठवर आला आहे ते पाहणे, एवढाच या आढाव्याचा उद्देश आहे. प्रथम सिद्धान्ताची जडणघडण, नंतर येथील कायद्याचा इतिहास व त्याविषयी इतिहासकारांतील मतभेद, त्यानंतर सिद्धान्तावरील आक्षेप, आत्मकथनांची साक्ष, विमुक्तीनंतरची स्थिती आणि शेवटी अनिर्णित राहिलेले मुद्दे, असा क्रम ठेवला आहे.

सिद्धान्ताची जडणघडण

गुन्हा हा समाजशरीराचा रोग नसून प्रत्येक समाजात अपरिहार्यपणे आढळणारी सामान्य घटना आहे, आणि सर्व साधूंच्याच वस्तीतही क्षुल्लक प्रमादांना गुन्ह्याचे गांभीर्य प्राप्त होईल, असे प्रतिपादन एमिल दुरखीम यांनी १८९५ साली केले, तेव्हाच विचलनाचा विचार व्यक्तीच्या दुर्गुणांकडून समाजाच्या व्यवहाराकडे वळण्यास आरंभ झाला. पुढे चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये असे मांडले की, आपण इतरांना कसे दिसतो याच्या कल्पनेतूनच मनुष्य स्वतःची प्रतिमा घडवितो. जॉर्ज हर्बर्ट मीड यांनी स्वत्वाची घडण सामाजिक संवादात शोधली. आणि विल्यम थॉमस व डोरोथी थॉमस यांनी १९२८ मध्ये हे सूत्र दिले की, माणसे एखादी परिस्थिती खरी मानून चालली तर तिचे परिणामही खरे ठरतात. या तिन्ही विचारांचा गुन्ह्याच्या क्षेत्रात पहिला ठळक उपयोग फ्रँक टॅननबाउम यांच्या १९३८ च्या ग्रंथात दिसतो. मुलांच्या ज्या उचापतींना ती स्वतः खेळ समजतात त्यांनाच वस्ती उपद्रव समजते, आणि हळूहळू वस्तीचा रोष कृत्यावरून सरकून मुलावर स्थिरावतो, ही प्रक्रिया त्यांनी वर्णिली.

एडविन लेमर्ट यांनी १९५१ मध्ये प्राथमिक आणि दुय्यम विचलन असा भेद केला. प्राथमिक विचलन नानाविध कारणांनी घडते आणि पुष्कळदा विरून जाते. परंतु समाजाच्या प्रतिक्रियेला तोंड देता देता व्यक्ती त्या भूमिकेभोवतीच आपले आयुष्य रचू लागते, तेव्हा ते विचलन दुय्यम होते. हॉवर्ड बेकर यांच्या १९६३ च्या ग्रंथाने या विचारास व्यापक प्रसिद्धी दिली. विचलन हा कृत्याच्या अंगचा गुण नसून नियम करणाऱ्यांनी आणि ते लागू करणाऱ्यांनी त्या कृत्यास दिलेले रूप आहे, हे त्यांचे मुख्य म्हणणे होय. नियमभंग केलेला व न केलेला, आणि तसा समजला गेलेला व न समजला गेलेला, अशा दोन भेदांतून त्यांनी चार कप्पे पाडले. त्यांपैकी नियम न मोडताही नियमभंजक समजल्या गेलेल्या माणसांचा कप्पा पाश्चात्त्य चर्चेत काहीसा उपेक्षित राहिला, पण आपल्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. त्याच वर्षी अर्व्हिंग गॉफमन यांनी कलंकाविषयीच्या ग्रंथात, कलंकित व्यक्ती आपली ओळख लपविण्यासाठी व सांभाळण्यासाठी दैनंदिन व्यवहारात काय काय करते, याचे सूक्ष्म चित्रण केले. विल्यम चॅम्ब्लिस यांनी १९७३ मध्ये एकाच शाळेतील दोन टोळक्यांची तुलना प्रसिद्ध केली. सुस्थित घरांतील आठ मुलांच्या आगळिकींकडे गाव डोळेझाक करी, आणि गरीब घरांतील सहा मुलांवर मात्र पोलिसांची सतत नजर असे, असे त्यांना दिसून आले. शिक्का कोणावर उमटतो हे कृत्याइतकेच समाजातील स्थानावर अवलंबून असते, हे या अभ्यासातून पुढे आले.

कायद्याने मारलेला शिक्का

अमेरिकेत हा विचार अंकुरण्याच्या कितीतरी दशके आधी हिंदुस्थानच्या कायद्याने त्याचे एक प्रचंड उदाहरण निर्माण करून ठेवले होते. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीचा घटक असणे हाच गुन्हा ठरला. विशिष्ट खून वा लूट सिद्ध करण्याची आवश्यकता उरली नाही. कृत्याऐवजी सदस्यत्व शिक्षापात्र ठरविण्याची ही वाट पुढे रुंदावत गेली, आणि जेम्स फिट्झजेम्स स्टीफन हे विधिसदस्य असताना १८७१ चा सत्ताविसावा कायदा, म्हणजेच गुन्हेगार जमातींचा कायदा, मंजूर झाला. एखादी जमात, टोळी वा वर्ग बिनजामिनी गुन्ह्यांस सरावलेला आहे असे प्रांतिक सरकारास वाटले, तर वरिष्ठ सरकारच्या परवानगीने तशी अधिसूचना काढता येई, आणि त्या अधिसूचनेस कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. नोंदवहीत नाव, ठरल्या वेळी हजेरी, गाव सोडावयाचे तर परवाना, आणि परवान्याविना आढळल्यास शिक्षा, असा हा बंदोबस्त होता. प्रारंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई व मद्रास इलाख्यांतही लागू करण्याची सोय झाली, बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली, आणि १९२४ च्या सहाव्या कायद्याने या सर्व तरतुदी एकत्र करण्यात आल्या. नेमलेल्या अपराधांबद्दल दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षांची शिक्षा, आणि सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळे करून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार, या त्यांतील विशेष कठोर तरतुदी होत.

मुंबई इलाख्यात या कायद्याचे दृश्य रूप म्हणजे तारेच्या कुंपणातील ‘सेटलमेंट’. सोलापूरची वसाहत त्यांतील सर्वांत परिचित. तेथील रहिवाशांचे श्रम शहरातील गिरण्यांच्या कामी आले, आणि स्टार्ट या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली शाळा व उद्योगशिक्षणाचे प्रयोगही झाले. हैदराबाद संस्थानात, ज्याचा भाग नांदेड आणि त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात असलेले लातूर हे दोन्ही १९४८ पर्यंत होते, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अशाच धर्तीचे नियम आले, आणि उर्दू दफ्तरांत ‘जरायमपेशा’ हा शब्द रुळला. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम् अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४९-५० मध्ये या कायद्याची चौकशी केली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभर रद्द झाला. नोंदलेल्या जमाती त्या दिवसापासून ‘विमुक्त’ झाल्या. म्हणूनच आजही ३१ ऑगस्ट हा विमुक्तदिन म्हणून पाळला जातो.

शिक्क्याचे मूळ : इतिहासकारांतील मतभेद

हा शिक्का मुळात कोणी घडविला, याविषयी अभ्यासकांत स्थूलमानाने तीन भूमिका आढळतात.

पहिल्या भूमिकेनुसार ‘गुन्हेगार जमात’ ही कोटी वसाहतवादी राज्यकारभाराची निर्मिती होय. संजय निगम यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन निबंधांत असे दाखविले की, स्थिर शेतसारा आणि स्थिर प्रजा हवी असलेल्या शासनास फिरता मनुष्य हाच संशयास्पद वाटू लागला, आणि नोंद, पाहणी व शिस्त यांच्या यंत्रणेतून ‘जन्मजात गुन्हेगार’ हा प्राणी आकारास आला. मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक मायकेल केनेडी यांनी १९०८ साली प्रसिद्ध केलेल्या टिपणग्रंथासारखी पुस्तके या ज्ञानव्यवहाराची साधने होती. प्रत्येक जमातीची वेशभूषा, भाषा, फिरण्याचे मार्ग आणि चोरीच्या पद्धती त्यांत जणू निसर्गशास्त्राच्या थाटात नोंदविलेल्या असत.

दुसरी भूमिका या कोटीच्या मागे असलेल्या आर्थिक उलथापालथीवर भर देते. मीना राधाकृष्ण यांनी २००१ च्या ग्रंथात मद्रास इलाख्यातील कोरवांचा मीठ-धान्याचा फिरता व्यापार मिठाच्या धोरणाने व रेल्वेने कसा मोडला, आणि निर्वाहास मुकलेल्या त्याच समाजास पुढे गुन्हेगार ठरवून त्याचे श्रम वसाहतींतून कसे वापरले गेले, हे मांडले. भांग्या भुक्या यांनी २०१० मध्ये निजामी राज्यातील लमाणांविषयी जो ग्रंथ लिहिला तो तर मराठवाड्याच्या वाचकास अगदी जवळचा. लष्करांना धान्य पुरविणारे, बैलांचे तांडे घेऊन दख्खन तुडविणारे लमाण नव्या सडका व आगगाडी यांमुळे व्यवसायास मुकले, त्यांची गायराने व जंगले बंद झाली, आणि ज्यांच्यावाचून पूर्वी मोहिमा चालत नसत त्यांच्यावर चोरीचा आळ स्थिरावला, असे त्यांचे विवेचन आहे.

तिसरी भूमिका अलीकडची. अनास्तासिया पिलियाव्स्की यांनी २०१५ मध्ये असा आक्षेप घेतला की, चोरीवर जगणाऱ्या जातींची कल्पना ब्रिटिशांनी शून्यातून उभी केली नाही. इंग्रजपूर्व भारतीय साधनांतही ती सापडते, आणि वसाहतवादी कायद्याने जुन्या समजुतीसच शासकीय रूप दिले. या मतास महाराष्ट्राच्या ग्रामव्यवस्थेत काही पुष्टी मिळते. रामोशी व बेरड यांच्याकडे गावाची राखण असे आणि चोरी झाल्यास माग काढण्याची वा भरपाईची जबाबदारीही त्यांच्यावरच येई. म्हणजे राखणदार आणि संशयित या दोन भूमिका एकाच घराण्यात नांदत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त फिरस्त्यांविषयी जे लिहिले त्यातही बसलेल्या गावाची फिरत्या लोकांकडे पाहण्याची साशंक दृष्टी स्पष्ट उमटलेली आहे. मात्र या भूमिकेच्या टीकाकारांचे उत्तरही दुर्लक्षिता येत नाही : लोकसमजूत वाटाघाटीस वाव ठेवते, राखणदारीसारखे मानाचे कामही देते; छापील अधिसूचना असा वाव ठेवीत नाही. तेव्हा तिन्ही मते परस्परांस सर्वस्वी छेद देणारी नसून एकाच घडणीच्या निरनिराळ्या थरांकडे बोट दाखविणारी आहेत, असे म्हणण्यास जागा आहे.

सिद्धान्तावरील आक्षेप व दुरुस्त्या

इकडे खुद्द सिद्धान्तावर १९६८ पासून दोन्ही बाजूंनी टीका झाली. वॉल्टर गव्ह यांनी १९७० पासून असे प्रतिपादन केले की, शिक्का बहुतांशी प्रत्यक्ष वर्तनामुळेच बसतो, आणि मनोरुग्णांच्या बाबतीत तर आजाराचे वास्तव नाकारून केवळ समाजाच्या प्रतिक्रियेकडे बोट दाखविणे अन्यायकारक आहे. हा रोख मुख्यतः थॉमस शेफ यांच्या १९६६ च्या ग्रंथावर होता, ज्यात मानसिक आजाराची भूमिका समाजाच्या शिक्क्याने स्थिर होते असे मांडले होते. दुसऱ्या बाजूने अॅल्विन गुल्डनर यांनी १९६८ मध्ये असा दोष दाखविला की, हे संशोधक शिपायाकडे व वॉर्डनकडे पाहतात, पण कायदे घडविणाऱ्या वरिष्ठ सत्तेकडे पाहत नाहीत. आणि टेलर, वॉल्टन व यंग यांनी १९७३ मध्ये गुन्ह्याचा विचार समग्र अर्थव्यवस्थेशी जोडण्याचा आग्रह धरला. बेकर यांनी त्याच वर्षी केलेल्या पुनर्विचारात खुलासा केला की, पहिल्या चोरीचे कारण सांगण्याचा आपला दावा कधीच नव्हता.

अनुभवजन्य पुराव्याचे चित्र संमिश्र आहे. डेव्हिड फॅरिंग्टन यांनी १९७७ मध्ये लंडनमधील मुलांच्या दीर्घ अभ्यासातून असे दाखविले की, न्यायालयात दोषी ठरलेल्या मुलांचे नंतरचे अपराध, त्यांनी स्वतः सांगितलेल्या माहितीनुसारही, वाढले. अँथनी पेट्रोसिनो व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये २९ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. बालगुन्हेगारास औपचारिक न्यायप्रक्रियेत ओढल्याने पुढील गुन्हे घटत नाहीत, उलट काहीसे वाढण्याकडेच कल दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. याउलट लॉरेन्स शेर्मन व रिचर्ड बर्क यांच्या १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिनियापोलिस येथील प्रयोगात घरगुती हिंसाचार करणाऱ्यास अटक केल्याने हिंसा घटली. परंतु नंतरच्या प्रयोगांत बेकार पुरुषांच्या बाबतीत अटकेनंतर हिंसा वाढल्याचेही आढळले. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे काही आहे त्यास शिक्का आवरतो, आणि ज्याच्यापाशी तसे काहीच नाही त्यास तो अधिक खोल ढकलतो, असा एक संभाव्य अर्थ यातून निघतो.

या टीकेतून सिद्धान्त मोडला नाही, तो अधिक काटेकोर झाला. ब्रूस लिंक व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखविले की, शिक्का आजार निर्माण करीत नसला तरी नाकारले जाण्याची भीती उत्पन्न करून रोजगार, मैत्री व आत्मविश्वास यांवर आघात करतो. जॉन ब्रेथवेट यांनी त्याच वर्षी लाज देण्याचे दोन प्रकार वेगळे केले : कृत्याची निंदा करून माणसास परत सामावून घेणारा, आणि माणसासच बहिष्कृत करणारा. पहिल्याने गुन्हे घटतात व दुसऱ्याने वाढतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी असे दाखविले की, माणसांचे वर्गीकरण केले की ती माणसे त्या वर्गीकरणास प्रतिसाद देत बदलतात, आणि मग वर्गीकरणासही बदलावे लागते. भारतीय पुराव्यात कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांचा २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला उत्तर प्रदेशातील प्रयोग लक्षणीय आहे. उच्च मानलेल्या जातींतील ३२१ व खालच्या मानलेल्या जातींतील ३२१ शाळकरी मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडविण्यास दिले असता, जात जाहीर न करता दोन्ही गट जवळपास सारखे ठरले. जात सर्वांसमोर उच्चारताच खालच्या मानलेल्या मुलांची कामगिरी घसरली. येथे कोणी कोणास शिक्षा केली नव्हती, अपमानही केला नव्हता. केवळ ओळख उच्चारली होती.

शिक्का आणि स्वत्व : आत्मकथनांची साक्ष

संख्यात्मक अभ्यासांतून जे हाती लागत नाही ते मराठी आत्मकथनांनी दिले आहे. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोहोंना साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. बेळगावच्या सीमाभागातील भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ याच परंपरेतले. यांपैकी ‘उचल्या’ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष मोलाचे, कारण त्याची भूमी लातूर परिसरातील धनेगावची आहे, आणि कारण ते कोणत्याही एका सिद्धान्ताच्या चौकटीत मावत नाही. उपजीविकेसाठी केलेल्या चोऱ्या, मुलांना त्या कामात तयार करण्याची रीत, पोलिसांची मारहाण आणि हप्ते, शेतीची वा मजुरीची वाट बंद असणे, आणि शाळेत जाणाऱ्या मुलाकडे आपल्याच जमातीने संशयाने पाहणे, हे सर्व त्यात एकत्र येते. शिक्का खोटा होता, हे एका पक्षाचे म्हणणे. शिक्क्याला आधार होता, हे दुसऱ्याचे. पण चोरीखेरीज दुसरे काही करू न देणारा समाजच पुढे चोरीचा पुरावा मागतो, ही तिसरी गोष्ट हे पुस्तक निर्भीडपणे सांगते, आणि लेमर्ट यांच्या दुय्यम विचलनास इतका सघन आशय क्वचितच कोठे मिळाला असेल.

आत्मकथनांच्या साक्षीस मर्यादाही आहेत, हे समीक्षक वाजवीपणे दाखवितात. लिहिणारा तो असतो जो शाळेपर्यंत पोचला. बहुतेक आत्मकथने पुरुषांची आहेत. आणि शिक्क्याविरुद्ध लिहिताना लेखकास तोच शिक्का पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वागवावा लागतो. यास काहीजण कलंकाचा पुनरुच्चार मानतात, तर काहीजण कलंकाचे रूपांतर. १९९८ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यात बुधन सबर यांच्या कोठडीतील मृत्यूनंतर महाश्वेता देवी, गणेश देवी आणि लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय पातळीवर जी संघटना उभारली, आणि अहमदाबादच्या छारानगरातील तरुणांनी ‘बुधन’ हे नाटक रंगमंचावर आणले, त्यांत लादलेली ओळख संघटनेचे साधन होऊ शकते, याचे प्रत्यंतर येते.

विमुक्तीनंतर

कायदा रद्द झाला म्हणून शिक्का पुसला गेला काय? या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी शिक्का कोठे कोठे असतो ते वेगळे करून पाहिले पाहिजे, कारण या वादातील पुष्कळसा गोंधळ निरनिराळ्या शिक्क्यांना एकच समजल्याने होतो.

पहिला शिक्का कायद्यातला. जमातीऐवजी व्यक्तीकडे पाहणारे सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे प्रांतोप्रांती झाले. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. समर्थकांच्या मते, वारंवार दोषी ठरलेल्या व्यक्तीवर नजर ठेवणे हे जन्मावरून नजर ठेवण्याहून तत्त्वतः भिन्न आहे. टीकाकारांच्या मते, व्यवहारात त्याच वस्त्यांतील तीच माणसे त्यात सापडतात. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २००० मध्ये आणि वंशभेद निर्मूलनविषयक संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २००७ मध्ये अशा कायद्यांच्या निरसनाची शिफारस केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग-नियमावल्यांतील जातिनिहाय कामवाटप आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे लोटली तरी त्याची भाषा नियमावल्यांत जिवंत होती, हे त्या निकालाने उघड केले.

दुसरा शिक्का पोलिसी दफ्तरातला. २००३ साली महाराष्ट्रात घडलेल्या दरोडा, खून व बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातींतील सहा जणांना अटक झाली; २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठोठावली; आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने आपला निर्णय मागे घेऊन त्यांना निर्दोष सोडले, व राज्याने प्रत्येकास ५ लाख रुपये भरपाई द्यावी असा हुकूम केला. ते भटक्या जमातींतील आणि समाजाच्या अगदी तळच्या थरातील असून त्यांना खोटेपणाने गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नमूद केले. बेकर यांचा तो उपेक्षित कप्पा आपल्याच राज्यात किती भयंकर रूप घेऊ शकतो, याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण. एका प्रकरणावरून सर्व तपासयंत्रणेविषयी सिद्धान्त काढता येत नाही. पण संशयाचा आरंभ कोठून होतो हा प्रश्न त्यामुळे टाळताही येत नाही.

तिसरा शिक्का दाखल्यातला, आणि तो सर्वांत गुंतागुंतीचा. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा नोंदी असून त्यांस ३ टक्के, आणि भटक्या जमातींच्या तीन गटांस मिळून ८ टक्के आरक्षण आहे. याच यादीत ‘भामटा’, ‘उचले’, ‘घंटीचोर’ अशी नावे आहेत. म्हणजे शिष्यवृत्ती वा नोकरी मागणाऱ्या तरुणास अपमानाचे नाव असलेला कागदच हक्काचा पुरावा म्हणून सादर करावा लागतो. नाव बदलावे, असे काहींचे म्हणणे. नाव बदलल्यास जुन्या नोंदींशी दुवा तुटेल आणि हक्क हातचे जातील, ही इतरांची रास्त भीती. शिवाय एकच समाज सीमेसरशी निराळा ठरतो. कैकाडी विदर्भात अनुसूचित जाती आहेत, तर मराठवाड्यात विमुक्त जाती. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जाती, कर्नाटकात अनुसूचित जाती, आणि तेलंगणात लंबाडा या नावाने अनुसूचित जमाती. किनवट, देगलूर वा बिलोली येथून काही कोसांवर राहणाऱ्या सोयऱ्याची शासकीय ओळख वेगळी असते. २०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे अनुसूचित जमातीचा दर्जा मागणारे बंजारा समाजाचे मोर्चे मराठवाड्यात निघाले, आणि विद्यमान अनुसूचित जमातींच्या संघटनांनी त्यास विरोध केला. त्या मागणीच्या योग्यायोग्यतेचा निर्णय येथे करावयाचा नाही. परंतु ज्या निजामी दफ्तराने एकेकाळी संशय नोंदविला तेच दफ्तर आता हक्काचा आधार म्हणून उघडले जाते, ही घटना हॅकिंग यांच्या विचाराची साक्ष देते.

चौथा शिक्का लोकवाणीतला. तो कोणत्याही कलमाने उठत नाही. पालावर आलेल्या कुटुंबास गावकऱ्यांनी पोलीस पाटलाकडे नेणे, भाड्याने खोली नाकारणे, चोरी होताच ठरावीक वस्तीकडे पाहणे, या व्यवहारांवर कायद्याचा प्रभाव अल्प आहे. येथे शाळा, वसतिगृहे आणि शेजार हीच साधने उरतात. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडी येथे पारधी व इतर भटक्या-विमुक्त मुलांसाठी गिरीश प्रभुणे व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेले काम, किंवा अमरावती जिल्ह्यात मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी काढलेली ‘प्रश्नचिन्ह’ ही आश्रमशाळा, ही त्यांतील उदाहरणे.

अनिर्णित प्रश्न

आढाव्याच्या अखेरीस चार प्रश्न मोकळे राहतात. पहिला कार्यकारणाचा. विमुक्त वस्त्यांतील ज्या मुलांचा पोलिसांशी संबंध आला आणि ज्यांचा आला नाही, त्यांच्या पुढील आयुष्याची दीर्घकाळ केलेली तुलना येथे हवी; लंडनमध्ये जे झाले ते नांदेड-लातुरात झाल्यावाचून आपण परक्या निष्कर्षांवरच विसंबून राहू. दुसरा मोजणीचा. बाळकृष्ण रेणके यांच्या आयोगाने २००८ मध्ये आणि भिकू रामजी इदाते यांच्या आयोगाने त्यानंतरच्या दशकात अहवाल दिले; दोहोंच्या कामात या समाजांच्या विश्वसनीय संख्येचा अभाव हा मोठा अडसर होता. पण मोजणी म्हणजे पुन्हा नोंद, आणि नोंदीने ज्यांचा घात झाला त्यांची नोंद कोणत्या रीतीने करावी, याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. तिसरा स्त्रियांचा. जातपंचायतीचा शिक्का आणि पोलिसांचा शिक्का एकाच स्त्रीवर एकाच वेळी पडतो तेव्हा काय घडते, याविषयी सिद्धान्त जवळजवळ मौन बाळगतो. चौथा, आणि सर्वांत मूलभूत, शिक्का काढण्याचा. शिक्का कसा बसतो याविषयी समाजशास्त्राने विपुल लिहिले आहे. तो कसा उतरतो याविषयी फार थोडे.

या चौथ्या प्रश्नाच्या बाबतीत मराठवाड्याच्या अनुभवातून एक गोष्ट मात्र बऱ्याच निश्चितपणे सांगता येते. शिक्का एक नसतो. कायदा, दफ्तर, दाखला आणि लोकवाणी या चार ठिकाणी तो स्वतंत्रपणे नांदतो. एका ठिकाणचा पुसला म्हणून दुसऱ्या ठिकाणचा आपोआप पुसला जात नाही, आणि एखाद्या ठिकाणचा घाईने पुसल्यास त्याबरोबर न्याय्य हक्कही पुसला जाण्याचा संभव असतो. १९५२ मध्ये पहिला शिक्का काढण्यात आला, पण उरलेल्या तिहींची वेगळी व्यवस्था करावी लागेल याची जाणीव त्या वेळी पुरेशी नव्हती, आणि त्या उणिवेची किंमत या समाजांच्या पुढच्या पिढ्यांनी मोजली. म्हणून शिक्का खरा की खोटा, या जुन्या वादापेक्षा कोणता शिक्का, कोणाच्या हातातला आणि तो काढण्याचा अधिकार कोणाकडे, अशी चौकशी यापुढे अधिक फलदायी ठरेल. ज्या विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत हे सर्व शिक्के वागविणारी माणसे राहतात, आणि ज्याच्या वर्गांत आता त्यांची मुलेही बसतात, त्याने ही चौकशी आपली मानावी, आणि ती त्या मुलांना अभ्यासाचा विषय न करता अभ्यासक करून व्हावी, असे सुचविणे अप्रस्तुत होणार नाही.